एका आकड्याची बखर

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. प्रवरेच्या डाव्या कालव्यावर, बेलापूरच्या अंगाला, तीसएक वर्षे त्यांनी पाण्याची राखण केली. अमुक चारीचे दार किती सूत उचलायचे, गेजवर पाणी किती इंचांवर आले म्हणजे टेलच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात ते कधी पोचेल, हे त्यांना कागद न बघता सांगता येई. अशा माणसाच्या स्वतःच्या पायांत पाणी साचावे, ही गोष्ट त्यांना स्वतःलाच फार अपमानाची वाटली असावी. कारण गेल्या वर्षी श्रावणात त्यांच्या घोट्यांना सूज आली, तेव्हा त्यांनी ती महिनाभर धोतराच्या सोग्याखाली लपवून ठेवली.

भाद्रपद लागला आणि लपवणे संपले. रात्री आडवे झाले की त्यांना दम लागे. उठून भिंतीला टेकून बसले की जरा बरे वाटे. नडगीवर बोट दाबले तर खळगा पडे आणि तो बराच वेळ भरून येत नसे. शेवटी एका दवाखान्यात नेले. तिथे रक्त घेतले गेले आणि संध्याकाळी एक कागद हाती आला. त्यावर 'एनटी-प्रोबीएनपी' असे एक लांबलचक नाव, त्यापुढे ४८६० हा आकडा आणि शेजारी बारीक अक्षरांत छापलेले : १२५ पेक्षा कमी असावा. दवाखान्यातल्या गृहस्थांनी कागद पाहिला, अण्णांकडे पाहिले आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "मास्तर, चाळीसपट आहे. जवळच्या माणसांना बोलावून घ्या."

मी बोलावून घेतले. मुंबईची बहीण रात्रीच्या गाडीने आली. ती घरात शिरली ती पदर तोंडाला लावूनच. अण्णा ओट्यावर बसून चहा पीत होते. ते तिला म्हणाले, "का गं, सासरी काही झालं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना नगरला आणले. (आमचे नगर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे, पण अण्णांच्या वयाची माणसे 'नगर' एवढेच म्हणतात आणि एस.टी.चे कंडक्टरही.) तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी तो कागद एका बाजूला ठेवला, अण्णांच्या मानेची शीर पाहिली, पाय दाबून पाहिले, छातीची सोनोग्राफी केली आणि मग दुसरा एक कागद मागितला. मूत्रपिंडाचा. त्यात क्रिएटिनिन २.१ होते. तेव्हा त्या म्हणाल्या, "अण्णांचं हृदय थकलंय, हे खरं आहे. पण हा सगळा आकडा एकट्या हृदयाचा नाही. यात किडनीचाही वाटा आहे. दोघांचा हिशेब वेगळा केल्याशिवाय घाबरायचं नाही."

मी मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. शाळेत मराठी नि इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. हृदयाच्या थकव्याचा आकडा मूत्रपिंडामुळे फुगतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. आणि इतिहासाच्या मास्तराला एखादी गोष्ट शिरेनाशी झाली की तो एकच उपाय जाणतो : ती पहिल्यापासून वाचायची. माझी पुतणी विज्ञानाच्या वर्गात आहे, तिने इंग्रजी वाचून सांगितले. डॉक्टरीणबाईंना मी वेळोवेळी छळले. त्यातून जे जमले ते इथे मांडतो आहे.

सुरुवात घरापासूनच करायची तर नगरला वैद्यकाची परंपरा चांगली जुनी आहे. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी इथे १९१७ साली आयुर्वेदाचे विद्यालय काढले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही नगरात आहे. त्या परंपरेतला कोणीही वैद्य तुम्हाला सांगेल की चरकाने शरीरातल्या मर्मांपैकी तीन प्रमुख मानली : शिर, हृदय आणि बस्ति. त्या तिघांवर चरकसंहितेत स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि सुजेवर, म्हणजे श्वयथूवर, आणखी एक. सुजेवर पुनर्नवा द्यावी, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांनाही ठाऊक असते. त्या तिला घेटुळी म्हणतात आणि पावसाळ्यात तिची भाजी करतात. हृदय आणि बस्ति एका पंक्तीला बसवले हे पाहून मला क्षणभर वाटले, की सापडले, आपल्या पूर्वजांना हे सारे माहीत होते! पण असा मोह आवरावा लागतो. बस्ति म्हणजे मूत्राशय. मूत्रपिंडाला ते 'वृक्क' म्हणत, आणि वृक्काचा संबंध त्यांनी लघवीशी न जोडता मेदाशी जोडला होता. हृदय आणि बस्ति ही जिवाची ठाणी आहेत, एवढे त्यांनी अचूक हेरले. त्या दोहोंमधला रस्ता मात्र त्यांच्या नकाशावर नव्हता.

तो रस्ता युरोपातही फार उशिरा सापडला. तिकडे सगळ्याच सुजेला एक नाव होते आणि ती कशाने आली हे कोणी विचारीत नसे. १७८५ साली विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टराने एक पुस्तक प्रसिद्ध केले. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या काढ्याने सुजलेली माणसे बरी होतात असे त्याच्या कानावर आले होते. त्या काढ्यात वीसएक वनस्पती होत्या. त्यांतली कामाची एकच, ती म्हणजे डिजिटॅलिस, हे त्याने ओळखले आणि मग वर्षानुवर्षे रोगी तपासून मात्रा ठरवली. या म्हातारीचे नाव हटन असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खोटे आहे. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीने १९२८ साली जाहिरातीसाठी चित्र काढून घेतले, त्यात म्हातारीला नाव पाहिजे म्हणून ते दिले. कादंबरीकार म्हणून मला यात काही वावगे वाटत नाही, पण इतिहासाच्या तासाला मी मुलांना ते सांगणार नाही.

विदरिंगला एक गोष्ट दिसली होती. औषध लागू पडले की रोग्याला भरपूर लघवी होते आणि सूज उतरते. त्यामुळे ते औषध लघवीचे आहे, असे त्याला वाटले. खरे म्हणजे ते हृदयाला जोर देत होते आणि जोर आलेले हृदय मूत्रपिंडाला रक्त पुरवीत होते. काही सुजलेल्या माणसांवर मात्र ते मुळीच चालत नसे. का, ते कळायला पुढची चाळीस वर्षे आणि एक चमचा लागला.

तो चमचा रिचर्ड ब्राइटचा. लंडनच्या गायज रुग्णालयात हा डॉक्टर सुजलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेई आणि मेणबत्तीवर धरी. काहींची लघवी तशीच पातळ राही, काहींची अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणे साकळे. साकळणारे रोगी मेले की तो त्यांचे शव उघडून पाही, आणि त्यांची मूत्रपिंडे बिघडलेली सापडत. १८२७ साली त्याने हे छापले. एका सुजेच्या दोन सुजा झाल्या : एक हृदयाची, एक मूत्रपिंडाची. इथे बहुतेक पुस्तके थांबतात. पण मला मोह पडला तो ब्राइटच्या पुढच्या लिखाणाचा. १८३६ साली त्याने मूत्रपिंडाच्या शंभर रोग्यांचा हिशेब मांडला, आणि त्यात लिहिले की यांतल्या पुष्कळांचे हृदयही वाढलेले होते. ज्याने दोन सुजा वेगळ्या केल्या, त्याच्याच हाताने त्या पुन्हा एकमेकींत गुंतल्या. रक्तदाब मोजायचे यंत्र तेव्हा नव्हते, म्हणून हे असे का होते ते त्याला सांगता आले नाही. पण जे दिसले ते त्याने झाकले नाही. माझ्या मते ही त्याच्या चमच्याहून मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे या रोगाने कितीतरी माणसे नेली. गोपाळ कृष्ण गोखले मधुमेहाने आणि दुबळ्या हृदयाने खंगत होते. फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी पुण्याला आले, तेव्हा त्यांच्यासाठी योजलेल्या छोट्याशा मेळाव्यात गोखल्यांना घेरी आली आणि उचलून न्यावे लागले. १९ फेब्रुवारीला ते गेले. वय अवघे ४८. पण मला सविस्तर सांगायची आहे ती २९ वर्षांनंतरची पुण्यातलीच गोष्ट, कारण त्या काळी अशा रोग्यासाठी डॉक्टरांच्या हाती काय होते नि काय नव्हते, ते तिच्यात स्वच्छ दिसते.

१९४४ चा आरंभ. काँग्रेसच्या कार्यकारिणीचे बारा पुढारी इकडे आमच्या नगरच्या किल्ल्यात कोंडलेले. गांधीजी आणि कस्तुरबा तिकडे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. बांचे हृदय थकत चालले होते. धाप लागे, रात्री बसून काढाव्या लागत. जवळ दोन डॉक्टर होते आणि दोघेही कैदीच : सुशीला नय्यर, आणि मुंबईचे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. मंचेरशा गिल्डर, जे १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात मंत्री होते. हृदयरोगाचा एवढा जाणता माणूस शेजारच्या खोलीत असावा आणि त्याच्या हाती मोजकीच साधने असावीत, असा तो काळ. गळ्यातली नळी, नाडी, डिजिटॅलिस, आणि पाऱ्याची इंजेक्शने.

या पाऱ्याचीही एक गोष्ट आहे. १९१९ साली व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात आल्फ्रेड फोगल नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी एका मुलीला उपदंशावरचे पाऱ्याचे नवे इंजेक्शन देत होता. वॉर्डातल्या परिचारिकेने रोजच्या रोज लघवी मोजून तक्त्यावर लिहिली होती. इंजेक्शनच्या दिवशी तो आकडा एकदम उंच उडालेला फोगलला दिसला. मग सुजलेल्या हृदयरोग्यांना ते देऊन पाहिले, आणि त्यांच्या अंगातले पाणी लोटाच्या लोटा बाहेर पडले. आजच्या गोळ्या येईपर्यंत, म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, जगभरच्या सुजा पाऱ्यावर उतरल्या. तो मूत्रपिंडाला घातक होता, हेही तितकेच खरे. त्या परिचारिकेचे नाव मला कुठे सापडले नाही. जाहिरातवाल्यांनाही सुचले नाही.

आगाखान पॅलेसमध्ये पुढे वैद्यही आले. लाहोरचे पंडित शिव शर्मा. सरकारने त्यांना दिवसा आत येऊ दिले, रात्री राहायला परवानगी देईना. म्हणून ते फाटकाबाहेर आपल्या मोटारीतच झोपत आणि हाक आली की आत जात. काही दिवस बांना उतार पडल्यासारखे झाले, मग पुन्हा पहिले पाढे. वैद्यांनी मोकळेपणाने हात टेकले आणि रोगी पुन्हा डॉक्टरांच्या स्वाधीन केला. शेवटी फुप्फुसाला सूज आली. देवदास गांधींच्या खटपटीने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणले गेले, ते तेव्हा नवलाईचे औषध होते. ते दर काही तासांनी टोचावे लागणार, हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटले. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, बा त्यांच्या मांडीवर गेल्या.

हे सारे वाचताना माझ्या मनात येई ते असे. डॉक्टर गिल्डरांना बांची धाप हृदयाची किती नि फुप्फुसाची किती, हे कानाने ऐकून ठरवावे लागले असेल. आज तोच प्रश्न नगरच्या एखाद्या रुग्णालयात रात्री दोन वाजता उभा राहिला तर रक्ताचा एक थेंब त्याचे बरेचसे उत्तर देतो. अण्णांच्या कागदावरचा आकडा म्हणजे तेच उत्तर. ते कुठून आले ते आता सांगतो.

आधी दोन मूत्रपिंडांविषयी. दोघांचे वजन मिळून पाव किलोच्या थोडे वर. एवढ्याशा जोडीला हृदय आपल्या एकंदर रक्ताचा पाचवा हिस्सा पाठवते. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी त्यांच्या गाळणीतून जाते आणि त्यातले दीड लिटर वगळता बाकीचे सारे ती परत रक्तात घेतात. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पाटकरीच की."

पाटकऱ्याची एक खोड असते. त्याला धरणात किती पाणी आहे ते दिसत नाही. त्याला आपल्या गेजवरचे दिसते. हृदय थकले की मूत्रपिंडाकडे रक्त कमी येते. अंगात पाणी मावत नसते, पाय सुजून खांब झालेले असतात, पण मूत्रपिंडाला वाटते, दुष्काळ पडला! मग ते मीठ नि पाणी धरून ठेवू लागते आणि त्यासाठी रक्तात एक द्रव्य सोडते. हे द्रव्य स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्याचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी ससाच्या मूत्रपिंडातून काढले आणि १८९८ साली जाहीर केले. त्याला त्यांनी रेनिन म्हटले. पुढची तीसपस्तीस वर्षे कोणी त्याकडे वळून पाहिले नाही.

म्हणजे मूत्रपिंड हृदयाला पत्र लिहिते. मग हृदय उलटटपाली काही लिहिते का? हा प्रश्न विचारायला १९५६ साल उजाडावे लागले. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. ब्रुनो किश याने इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या हृदयाचे वरचे कप्पे पाहिले, तर त्यांत बारीक बारीक कण भरलेले. असे कण ग्रंथींत असतात, स्नायूंत त्यांचे काय काम? त्याच साली हेन्री आणि पीअर्स यांनी कुत्र्याच्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात फुगा फुगवला, तर त्याला लघवी जास्त होऊ लागली. हे दोन दुवे जोडायला आणखी पंचवीस वर्षे गेली. अर्जेंटिनात जन्मलेला आणि कॅनडात स्थायिक झालेला आदोल्फो दे बोल्ड त्या कणांच्या मागे वर्षानुवर्षे लागला होता. १९८१ साली त्याने आणि त्याच्या साथीदारांनी उंदरांच्या हृदयाचे वरचे कप्पे वाटून त्याचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांत त्यांच्या लघवीतले मीठ तीसपटींहून वाढले आणि पाणी दसपट झाले.

हृदय हा नुसता पंप आहे असे हार्वेपासून साडेतीनशे वर्षे शिकवले जात होते. मीही शाळेत तेच शिकलो. तो पंप आता संप्रेरक पाझरणारी ग्रंथी ठरला.

१९८८ साली जपानमध्ये सुदोह, कांगावा, मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतून याच जातीचे दुसरे द्रव्य काढले. मेंदूत सापडले म्हणून नावात मेंदू आला. बीएनपीमधला 'बी' तो. थोड्याच वर्षांत कळले की माणसात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या, मोठ्या कप्प्यांतून येते. पण एकदा ठेवलेले नाव बदलते थोडेच! आमच्या गावात एका गृहस्थाला लहानपणापासून 'बारक्या' म्हणतात, त्याचे वजन आज शंभर किलो आहे.

आता हे पत्र कसे लिहिले जाते ते पाहा. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिच्यात १०८ दुव्यांची एक साखळी तयार होते. रक्तात जाताना ती तुटते. ३२ दुव्यांचा तुकडा म्हणजे बीएनपी, हा कामाचा : तो रक्तवाहिन्या सैल करतो, मूत्रपिंडाला म्हणतो, 'मीठ सोड, पाणी सोड,' आणि रेनिनला आवर घालतो. उरलेला ७६ दुव्यांचा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. त्याला काही काम नाही. पत्राबरोबर फाटलेले पाकीटच म्हणा. पण कामाचे पत्र वाचून लगेच नाहीसे होते, तर पाकीट जास्त वेळ पडून राहते. बीएनपी वीसेक मिनिटांत निम्मे होते, पाकिटाला तासदोन तास लागतात. म्हणून पुष्कळ प्रयोगशाळा पाकिटेच मोजतात. मोजमाप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. अण्णांच्या एका मिलिलिटर रक्तात असे ४८६० भाग होते.

ही तपासणी किती खरी, याचा मोठा पडताळा २००२ साली प्रसिद्ध झाला. धाप लागून रुग्णालयात आलेल्या १५८६ रोग्यांचे बीएनपी मोजले गेले. १०० च्या वर गेले तर धाप हृदयाची, असा साधा दंडक त्यातून निघाला आणि तो बहुतेक वेळा खरा ठरला. मात्र त्याच रोग्यांचा हिशेब पुन्हा उलगडला तेव्हा एक बारीकशी अडचण पुढे आली. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी, त्यांचे आकडे हृदय ठीक असतानाही वर होते.

याला दोन कारणे आहेत आणि त्या दोहोंची गल्लत करू नये, असे डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बजावले. पहिले असे, की रक्तातली ही पाकिटे उचलून टाकण्याचे बरेचसे काम मूत्रपिंडाकडेच आहे. कामाच्या बीएनपीला गिळणारे दुसरेही आहेत : पेशींवरची ग्रहणस्थाने आहेत, नेप्रिलायसिन नावाचे त्याला कापणारे विकर आहे. पाकिटाला हे रस्ते नाहीत. झाडूवाला थकला की कागद साचतात, तसे ते साचते. दुसरे कारण असे, की मूत्रपिंडे दुबळी झाली की अंगात मीठ-पाणी साचते, रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या भिंतीवर खरोखरच ताण येतो. म्हणजे पत्रेही खरीच जास्त लिहिली जातात. ब्राइटला १८३६ साली शवांत दिसलेली वाढलेली हृदये ती हीच. तेव्हा 'किडनीमुळे आकडा फुगला आहे, हृदय ठणठणीत आहे,' असे म्हणणेही तितकेच चूक. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तर मूत्रपिंडाच्या धमनीतले आणि शिरेतले रक्त तपासून २००९ साली दाखवले, की मूत्रपिंड ते दोन्ही तुकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात उचलते. केवळ झाडूवाल्यावर सगळे ढकलता येत नाही.

व्यवहारात डॉक्टर काय करतात? तर दंडक वर सरकवतात. बीएनपीसाठी १०० च्या जागी २००. एनटी-प्रोबीएनपीसाठी वयाप्रमाणे : पन्नाशीच्या आत ४५०, पंचाहत्तरीपर्यंत ९००, त्यापुढे १८००, आणि मूत्रपिंडाचे काम मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली आले असेल तर कोणी १२०० धरतात. ३०० च्या आत असेल तर मात्र धाप हृदयाची नव्हे, हे जवळजवळ नक्की. अण्णांच्या कागदावर छापलेला १२५ हा आकडा दवाखान्यात चालत येणाऱ्या, हळूहळू आजारी पडलेल्या माणसासाठी असतो. शहात्तर वर्षांचा, दम लागलेला, दुबळ्या मूत्रपिंडांचा माणूस त्या पट्टीवर ठेवला की चाळीसपट निघायचाच. उलट लठ्ठ माणसात हा आकडा फसवा कमी येतो, हेही पुतणीने वाचून दाखवले. आणि २०१५ पासून नेप्रिलायसिनलाच अडवणारे एक औषध हृदयरोग्यांना मिळू लागले आहे. ते चालू असले तर बीएनपी औषधानेच वाढते, पाकीट वाढत नाही. तेव्हा तिथे पाकीटच मोजावे.

मूत्रपिंडे पुरती बंद पडली तर? जयप्रकाश नारायणांची गोष्ट आपल्या मुंबईतच घडली आहे. जून १९७५ मध्ये त्यांना पकडले, चंदीगडला स्थानबद्ध ठेवले, नोव्हेंबरात सोडले. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले. डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले. त्यासाठी सरकारी पैसा त्यांनी घेतला नाही, लोकांनी वर्गणी काढली. यंत्राला बांधलेल्या या माणसाने १९७७ ची निवडणूक फिरवली. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्येच असताना त्यांच्या मृत्यूची चुकीची वार्ता दिल्लीला पोचली, खुद्द पंतप्रधानांनी ती लोकसभेत सांगितली, श्रद्धांजल्या झाल्या, आणि जयप्रकाश मुंबईत जिवंत होते! ऑक्टोबरच्या ८ तारखेला पाटण्यात ते खरोखर गेले, आणि अखेरीस थांबले ते हृदय. डायलिसिसवरच्या रोग्याच्या अंगात पाणी किती जास्त झाले हे तेव्हा वजनकाट्यावर आणि डॉक्टरच्या नजरेवर ठरे. आज पाकिटे मोजता येतात, पण अशा रोग्यात ती हजारोंच्या घरात, कधी दहाहजारांच्याही वर असतात. एकट्या आकड्यावरून काही बोलायची सोय नाही. वजनकाटा अजूनही लागतोच.

अण्णांच्या बाबतीत खरा पेच औषधाचा होता. लघवीची गोळी वाढवावी तर मूत्रपिंडे आणखी कोरडी पडायची भीती. कमी करावी तर रात्रीचा दम. घरात दोन तट पडले. बहिणीचे म्हणणे, किडनी सांभाळा. तिच्या शेजारच्या बाई डायलिसिसवर आहेत. माझे म्हणणे, आधी श्वास. डॉक्टरीणबाईंनी आमच्या दोघांचेही ऐकून घेतले आणि शिरेतून गोळीचेच औषध सुरू केले. मीठ मोजून दिले. रोज सकाळी वजन, रोज लघवीचे माप, एक दिवसाआड क्रिएटिनिन. मापाच्या वहीवर मीच बसलो होतो. व्हिएन्नाच्या त्या परिचारिकेची मला तेव्हा रोज आठवण येई. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन २.१ चे २.४ झाले आणि बहीण माझ्याशी बोलेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबा. पाणी उतरतंय, थोडं वर जाणारच. सूज गेली की हृदय किडनीकडे रक्त पाठवील." सहाव्या दिवशी ते २.० वर आले. अण्णांचे वजन सात किलोने उतरले होते. ते आडवे झोपले, तशी मला पहाटे जाग आली आणि उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते पाहून आलो.

घरी सोडताना पुन्हा रक्त तपासले. २३७०. मी घाईने शेजारचा छापील आकडा पाहिला, १२५. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यावर बोट ठेवून तो झाकला.

"छापलेल्याशी नाही, अण्णांच्याच आधीच्या आकड्याशी ताडा. तीस टक्क्यांनी उतरला तरी आम्ही बरं म्हणतो. हा निम्म्यावर आलाय. किडनी होती तिथंच आहे, म्हणजे उतरला तो हृदयाचा ताण. आता हाच अण्णांचा घरचा आकडा. पुढं कधी दम लागला तर याच्याशी ताडायचं."

अण्णा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी विचारले, "म्हणजे गेज तेच, पण झिरो वर सरकवलाय, असंच ना?"

बाईंना गेज म्हणजे काय ते कळले नाही. मग अण्णांनी त्यांना ते सांगितले. कालव्यात गाळ बसला की तेवढ्याच पाण्याला गेज जास्त दाखवते. नवा साहेब आला की तो बघतो नि म्हणतो पाणी जास्त सुटलंय, दारे खाली करा. आणि टेलची माणसे मोर्चा घेऊन येतात. जुना पाटकरी असेल तो आधी गाळ किती आहे ते बघतो. बाई अर्धा तास उभ्या होत्या. बाहेर रोग्यांची रांग लागली होती.

यंदा दिवाळीच्या फराळाला चिवडा दोन डब्यांत आहे. एक घरच्यांचा, एक अण्णांचा, बिनमिठाचा. तो त्यांच्यापुढे ठेवला की ते आधी नातवाच्या डब्याकडे बघतात. सकाळी वजनकाट्यावर उभे राहतात, आकडा मोठ्याने सांगतात, मी वहीत लिहितो. काल लिहून झाल्यावर मला म्हणाले, "आवर्तन सुटलं म्हणतात. बेलापूरच्या पुढं पाणी गेलं का, तेवढं विचार बरं कुणाला तरी."